वाया जाणारी ऊब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लहानपणी माझ्याकडे भाता ओढायचं काम असे. आमचे अब्बा कल्हई करायचे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी चिंचेच्या झाडाखाली त्यांची भट्टी लागे. जमिनीत हातभर खड्डा, त्यात कोळसा, खड्ड्यात तिरकी खुपसलेली लोखंडी नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला भात्यासकट मी. गावातल्या बायका तांब्या-पितळेची भांडी आणून ओळीनं मांडायच्या. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी-ताक कळकतं, हे तेव्हा प्रत्येक घराला ठाऊक होतं.

अब्बा पातेलं तापवत. ठरावीक रंगावर आलं की नवसागराची चिमूट टाकत. पांढऱ्या धुराचा लोट उठे, धातू उजळे, आणि त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं एक गोल फेरा. डोळ्यांदेखत काळं पातेलं चांदीचं व्हायचं. आज पंचावन्नाव्या वर्षी मी सांगू शकतो, की एवढी चांगली कविता माझ्या हातून एकदाही झालेली नाही.

एकदा भाता ओढून हात दुखले तेव्हा मी कुरकुरलो. अब्बा म्हणाले, "बेटा, ही भट्टी चार आणे पातेल्याला देते आणि बारा आणे हवेला. तुझा जोर हवाच खाते." ते वाया जाणं त्यांना फार लागायचं. काम संपलं की आमची अम्मी त्या निखाऱ्यांत रताळी पुरून ठेवी. मगरिबच्या नमाजाहून अब्बा परत येईतो रताळी भाजून तयार. हवेच्या बारा आण्यांतला एखादा आणा आम्ही असा परत मिळवत होतो.

हे सगळं आठवायला कारण घडलं माझ्या भाच्यामुळे.

हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. इंजिनिअर झाला, पुण्याजवळच्या एका कारखान्यात लागला, पगार चांगला. बहिणीनं मुली बघायला सुरुवात केली होती. आणि एके दिवशी हा म्हणतो, नोकरी सोडतो. कशासाठी, तर परदेशातल्या एका विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली आहे. विषय काय, तर वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज करणारे पदार्थ लेझरनं छापायचे. बहिणीनं मला फोन केला. म्हणाली, "भाई, तूच समजाव त्याला. मी विचारलं, किती वीज होते रे यातून? तर म्हणतो, शंभरातली पाच टक्के. पाच टक्क्यांसाठी कुणी लागलेली नोकरी सोडतं का?"

मी बी.ए., तेही मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला. पण मामाचं कर्तव्य म्हणून पुण्याला गेलो. त्याला समजावायचं असं ठरवूनच गेलो होतो.

भाच्यानं काही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मला कारखान्यात घेऊन गेला आणि एका कपाटाएवढ्या यंत्रासमोर उभं केलं. यंत्राला काचेची छोटी खिडकी. आत एक सपाट पाट, त्यावर राखाडी भुकटी पसरलेली. एक पातं आलं आणि रांगोळीचा ठिपका बसावा इतक्या हलक्या हातानं त्यानं भुकटीचा थर सारखा केला. मग वरून लेझरचा किरण उतरला. तो नुसता ठिणगीसारखा पळत होता. जिथून गेला तिथली भुकटी क्षणभर वितळून घट्ट झाली. बाकीची तशीच. पाट केसाच्या निम्म्या जाडीइतका खाली गेला, पुन्हा पातं, पुन्हा भुकटी, पुन्हा ठिणगी. असे हजारो थर झाले की भुकटीच्या ढिगातून अख्खी वस्तू उकरून काढायची.

"मामू," भाचा म्हणाला, "ही नानांची कल्हईच आहे. फक्त खाली पातेलं नाही. कल्हईवर कल्हई देत देतच पातेलं उभं करायचं."

मला ते एकदम पटलं. आपण आजवर धातूची वस्तू घडवायची म्हणजे ठोकायची, ओतायची किंवा कापायची. कापण्यात तर निम्मा माल भुगा होऊन जमिनीवर पडतो. इथे हवं तिथेच घालायचं. भुकटीवर लेझर फिरवायची कल्पना १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या कार्ल डेकार्ड नावाच्या विद्यार्थ्याला सुचली. पुढे १९९०च्या दशकात जर्मनीतल्या आखेन शहरातल्या फ्राउनहोफर संस्थेत धातूची भुकटी पूर्ण वितळवून भरीव वस्तू करण्याची पद्धत आकाराला आली.

आपल्याकडचं उदाहरणही भाच्यानं सांगितलं. ९ मे २०२४ रोजी इस्रोनं पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचं असं छापलेलं इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिलं. पूर्वी ते १४ भाग जोडून व्हायचं, आता एकच भाग. १९ ठिकाणची वेल्डिंगची जोडणी गेली. पूर्वी एका इंजिनासाठी ५६५ किलो धातू घ्यावा लागे, आता भुकटी लागली १३.७ किलो. अब्बा असते तर हे आकडे ऐकून त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं असतं. वाया न घालवणाऱ्या माणसाला यापेक्षा गोड बातमी नाही.

"पण हे झालं छापणं," मी म्हणालो. "उष्णतेपासून विजेचं काय?"

मग संध्याकाळी त्याच्या खोलीवर चहा पिता पिता त्यानं मला दोनशे वर्षांची गोष्ट सांगितली. माझ्या भाषेत ती तुम्हाला सांगतो.

१८२१ साली बर्लिनमध्ये टोमास झेबेक नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या टोकांना जोडून एक वेढं केलं आणि एक जोड तापवला. दुसरा गारच ठेवला. वेढ्यात ठेवलेली होकायंत्राची सुई हलली. झेबेकना वाटलं, उष्णतेनं चुंबकत्व आलं. पण डेन्मार्कच्या अर्स्टेड यांनी ओळखलं की वेढ्यातून वीज वाहते आहे आणि तिनं सुई हलवली आहे. एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला गार, एवढ्यावर वीज! ना चाक, ना वाफ, ना पट्टा.

हे कसं होतं? मे महिन्यात पत्र्याच्या घरात दुपारी काय होतं ते आठवा. तापलेल्या खोलीत कुणी थांबत नाही. सगळे ओसरीवर, झाडाखाली, जिथे गारवा असेल तिथे जमतात. पदार्थाच्या आतले वीज वाहणारे कणही तापलेल्या टोकाकडून गार टोकाकडे सरकतात. गार टोकाला त्यांची गर्दी होते आणि त्या गर्दीतून विजेचा दाब तयार होतो. काही पदार्थांत हे कण ऋण असतात, काहींत ते धन असल्यासारखे वागतात. दोन्ही जातींचे तुकडे आळीपाळीनं जोडले की दाबाची बेरीज होते. पुढे १८३४ साली पेल्तिए नावाच्या फ्रेंच माणसानं, जो आधी घड्याळं दुरुस्त करायचा, याच्या उलटं करून दाखवलं. जोडातून वीज सोडली की एक बाजू गार होते, एक गरम. मोटारीत ठेवायचे जे छोटे शीतपेटारे मिळतात ते बहुधा यावरच चालतात.

रेडिओवर बोलतो आहे, म्हणून यातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९५०च्या दशकात सोव्हिएत संघातल्या पुष्कळ खेड्यांत वीज पोचलेली नव्हती. लेनिनग्राडचे शास्त्रज्ञ अब्राम योफे यांनी या पदार्थांचा पाठपुरावा केला होता. त्यातून एक रॉकेलचा दिवा निघाला. दिव्याच्या काचेवर, जिथून गरम हवा वर जाते तिथे, असे तुकडे बसवलेले आणि भोवती उष्णता बाहेर टाकायला पत्र्याच्या पाकळ्या. दिवा खोलीला उजेड देई आणि त्याच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर रेडिओ चाले. आमच्या घरी रेडिओचे सेल संपले की महिनाअखेरपर्यंत घर मुकं असायचं. अब्बा ते सेल उन्हात ठेवून एखादी बातमी तरी ऐकू येते का बघायचे. कंदील मात्र रोज रात्री डोक्यावर टांगलेला असे, काच हात लावू नये इतकी तापलेली. भाचा सांगत होता तेव्हा मला तो कंदीलच दिसत होता.

आता प्रश्न असा, की दोनशे वर्षांपूर्वी सापडलेली ही विद्या आपल्या घरोघरी का नाही? मोटारीत टाकलेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा गाडी ओढतो. बाकीची धुराड्यातून आणि रेडिएटरमधून जाते. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, साखर कारखान्यांची धुराडी, वीटभट्ट्या, बेकऱ्या, सगळीकडे अब्बांचे बारा आणे हवेतच जातात. मग हे तुकडे तिथे का चिकटवत नाहीत?

पहिलं कारण म्हणजे ते पाच टक्के, ज्यावरून माझी बहीण चिडली होती. या पदार्थानं वीज सहज वाहू द्यावी, पण उष्णता अडवावी अशी अट आहे. उष्णता सहज पलीकडे गेली तर दोन्ही टोकं सारखीच तापतील आणि कण जागचे हलणार नाहीत. निसर्गात मात्र या दोन गोष्टी हातात हात घालून असतात. तांब्यातून वीज धावते आणि उष्णताही, म्हणून तांब्याचं भांडं फडक्यानं धरावं लागतं. लाकूड उष्णता अडवतं आणि वीजही. एकीला घरात घ्यायचं आणि दुसरीला दारात थांबवायचं, असा पदार्थ शोधण्यात शास्त्रज्ञांच्या पिढ्या गेल्या. साध्या तापमानाला त्यातला सर्वांत उपयोगी ठरला बिस्मथ आणि टेल्युरियम यांचा संयुग, बिस्मथ टेल्युराइड. टेल्युरियम पृथ्वीच्या कवचात सोन्यासारखंच दुर्मीळ. तांबं शुद्ध करताना उरणाऱ्या गाळातून ते मिळवावं लागतं.

तरीही जिथे दुसरा उपाय नाही तिथे हे पाच टक्के लाखमोलाचे ठरले. क्युरिऑसिटी ही गाडी २०१२ साली मंगळावर उतरली. तिच्या पाठीवर प्लुटोनियमचा साठा आहे. त्यातून निघणाऱ्या सुमारे २,००० वॉट उष्णतेतून सुरुवातीला वीज मिळत होती सुमारे ११० वॉट. म्हणजे तेच पाच-साडेपाच टक्के. तेवढ्यावर ती गाडी धुळीच्या वादळांत, थंडीत, रात्री-अपरात्री काम करत राहिली. १९७७ साली सोडलेली दोन व्हॉएजर यानं तर याच विद्येवर सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेली. सुटताना प्रत्येकाकडे सुमारे ४७० वॉट वीज होती. दर वर्षी चारेक वॉट कमी होतात, म्हणून शास्त्रज्ञ एकेक उपकरण बंद करत त्यांचं आयुष्य वाढवत आले. आपलं चांद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलं, तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. त्याचं लँडर आणि रोव्हर उन्हावर चालणारं होतं. एका चांद्रदिवसाचं ठरलेलं काम त्यांनी पुरं केलं. पण चौदा दिवसांची थंडगार रात्र गेल्यावर त्यांना हाका मारल्या, तेव्हा उत्तर आलं नाही. रात्रभर पुरणारी थोडीशी ऊब आणि थोडीशी वीज किती मोलाची असते, ते तेव्हा कळलं.

दुसरं कारण मला अधिक जवळचं वाटलं, कारण ते कारागिरीचं आहे. बिस्मथ टेल्युराइड स्वभावानं अभ्रकासारखं. थरांथरांचं, आणि जरा जोर लागला की थर सुटतात. त्याची कांडी ओतायची, तिच्या चकत्या कापायच्या, चकत्यांचे खडीसाखरेएवढे चौकोनी तुकडे करायचे, ते ओळीनं मांडून दोन सपाट चिनी मातीच्या पट्ट्यांमध्ये डाग देऊन बसवायचे. कापताना दुर्मीळ माल भुगा होऊन जातो, तुकड्यांचे कोपरे उडतात. आणि एवढं करून हाती येते ती चौकोनी, सपाट फरशी. जगातली वाया जाणारी उष्णता मात्र बहुतेक गोल नळ्यांतून जाते. गोल धुराड्याला सपाट फरशी चिकटवून बघा! मध्ये फट राहते, आणि ती फट उष्णतेला आत येऊ देत नाही.

"आता सांगा मामू," भाचा म्हणाला, "नळीच्या अंगाबरोबर बसणारं कडंच छापता आलं तर?"

मुद्दा इथे येतो. लेझरनं हे पदार्थ छापायचा प्रयत्न वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात सानिया लेब्लँक यांच्या गटानं चालवला. भुकटीवर लेझर फिरवून केलेल्या बिस्मथ टेल्युराइडबद्दलचे त्यांचे निबंध २०१६-१८च्या सुमारास प्रसिद्ध झाले. चीनमध्ये वुहानच्या तंत्रज्ञान विद्यापीठातही याच पदार्थावर काम झालं. कल्पना अशी की तुकडा चौकोनीच का असावा? तो कमरेत बारीक करता येईल, पोकळ करता येईल, उष्णतेला लांबच्या वाटेनं फिरवता येईल. शिवाय लेझरखालचा ठिपका डोळ्याचं पातं लवायच्या आत थिजतो, त्यामुळे आतली कणरचना फार बारीक राहते. अशा बारीक रचनेत उष्णतेची लहर अडखळते. आणि अडखळायलाच तर हवी आहे.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, झालं तर मग. मलाही वाटलं. तेव्हा भाच्यानं अडचणींचा पाढा वाचला, आणि तो ऐकताना मी थेट चिंचेखाली जाऊन बसलो.

छापायच्या नेहमीच्या धातूंची भुकटी राजगिऱ्यासारखी गोल दाण्यांची असते, म्हणून ती पात्याखाली वाहते. बिस्मथ टेल्युराइड दळलं की त्याच्या होतात कण्या, ओबडधोबड आणि टोकदार. त्या एकमेकींत अडकतात, थर सारखा बसत नाही. लेझर जरा जास्त लागला तर टेल्युरियमची वाफ होऊन उडून जाते. बिस्मथ मागे राहतं, प्रमाण बिघडतं आणि पदार्थाचा विजेचा स्वभावच बदलतो. त्या वाफेनं आत भोकं पडतात ती वेगळीच. लेझर कमी लागला तर दाणे नीट वितळत नाहीत, थर थराला धरत नाही. आणि सगळं जमलं तरी इतक्या झटकन तापून इतक्या झटकन गार होण्यानं हा मुळातला ठिसूळ पदार्थ तडकतो.

अब्बांची सारी विद्या हीच तर होती. पातेलं जास्त तापलं तर कथील जळून काळं पडे, कमी तापलं तर धरतच नसे. मधली वेळ पापणीएवढी. ती ते भांड्याच्या रंगावरून ओळखत. नवसागर कशाला, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "हवा धातूवर मैल चढवते. आधी मैल काढावा लागतो, मग कथील बसतं." भाच्याला विचारलं, "तुमच्या पेटीत हवेचं काय करता?" तो म्हणाला, "आरगॉन वायू भरतो, मामू. प्राणवायू आत राहिला तर भुकटीवर गंज चढतो." माझ्या अंगावर काटा आला. ज्यानं आयुष्यात शाळेची पायरी चढली नाही तो माणूस आणि हे कोट्यवधींचं यंत्र, दोघांचा दुष्मन एकच निघाला.

या अडचणींवर उपाय चालू आहेत. लेझरचा जोर, वेग, दोन रेघांमधलं अंतर यांचा मेळ पुन:पुन्हा तपासायचा. छापल्यावर वस्तू पुन्हा मंद आचेवर ठेवून तिचा आतला ताण घालवायचा. काहींनी लेझरची वाटच सोडली. ऑस्ट्रियातल्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये याच जातीच्या पदार्थांचा लगदा नळीतून पिळून शीतक तुकडे तयार केले आणि त्यांनी हवेत सुमारे ५० अंशांनी गारवा आणून दाखवला. आपण चकली पाडतो तसं. बाजारात सर्रास मिळणाऱ्या फरश्या मात्र अजून कापून-जोडूनच होतात. लेझरनं छापलेलं कडं धुराड्यावर बसवून गावचे दिवे लागले, अशी बातमी मी तुम्हाला देऊ शकत नाही, आणि भाच्यानंही मला तशी थाप मारली नाही. तो म्हणाला, "जमेलच असं नाही. जमलं तरी पाचाचे दहा होतील, शंभर कधीच होणार नाहीत."

परतीच्या एसटीत मी बहिणीला काय सांगायचं याचा विचार करत होतो.

आमच्या गावात १९८०च्या पुढे स्टेनलेस स्टील घराघरांत शिरलं. मोडीवाल्याला पितळ घालून बायका स्टीलचे डबे घेऊ लागल्या. त्यांचं काही चुकलं नाही. स्टीलला कल्हई लागत नाही. अब्बांची भट्टी आधी दर आठवड्याची महिन्याची झाली, मग ईद-दिवाळीची, मग विझली. ते एका गोदामावर रात्रपाळीला राखणदार म्हणून लागले. त्यांनी स्टीलला कधी शिव्या दिल्या नाहीत. मात्र शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, "रंग कसा ओळखायचा, ते मला कुणी विचारलंच नाही." तेव्हा त्यांच्या उशाशी बसलेला मी कविता लिहिणारा मुलगा होतो आणि मीही ते विचारलेलं नव्हतं. भात्यापासून सुटका झाली याचाच मला आनंद होता.

आता त्यांचा नातू म्हणतो आहे, की मला तो रंग ओळखायचा आहे. त्याचा रंग लेझरच्या ठिणगीत असेल, संगणकाच्या पडद्यावर असेल. पण किती ताप दिला म्हणजे धातू धरतो आणि किती दिला म्हणजे जळतो, हा प्रश्न तोच आहे. मी त्याला कोणत्या तोंडानं अडवणार?

बहिणीकडे पोचलो तर ती दारातच. "समजावलंस ना?" मी म्हटलं, "चहा तर टाक." मग तिला अम्मीच्या रताळ्यांची आठवण दिली. विचारलं, "भट्टीच्या उष्णतेतले किती टक्के त्या रताळ्यांना लागत असतील?" ती म्हणाली, "मला काय माहीत?" मी म्हटलं, "पाचसुद्धा नसतील. पण त्या रात्री आपण उपाशी झोपलो नाही." ती गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "भाई, रताळ्यांची गोष्ट वेगळी. तेव्हा दुसरं काही नव्हतं. याच्याकडे नोकरी आहे." तिचं म्हणणं खोटं नाही. आईनं हिशेब करावाच. त्या संशोधनाच्या पैशात त्याचं भागेल, घरी काही पाठवता येणार नाही, तीन-चार वर्षांनी पुढे काय हे कुणी सांगू शकत नाही. हे सगळं मी तिच्या बाजूनं मान्य केलं. एवढंच म्हणालो, "माझा कवितासंग्रह निघाला तेव्हा पाचशे प्रती छापल्या आणि साडेतीनशे अजून पलंगाखाली आहेत. माझी टक्केवारी कुणी काढली नाही म्हणून मी लिहू शकलो. अब्बांनी काढली असती तर?" ती हसली. हसली म्हणजे हो म्हणाली असं नव्हे. पण दुसऱ्या आठवड्यात तिनं त्याच्यासाठी लोकरीचे मोजे आणल्याचं कळलं.

भाचा गेला त्याला आता काही महिने झाले. दर रविवारी त्याचा फोन येतो. पहिले कितीतरी रविवार तो नुसताच तिथल्या पावसाबद्दल आणि डाळ कुठे मिळते याबद्दल बोलला. मग एका रविवारी म्हणाला, "मामू, पहिला नमुना छापला. काढताना मधोमध तडकला."

मी म्हटलं, "नवसागर कमी पडला असेल."

तो मोठ्यानं हसला. मग जरा थांबून म्हणाला, "खरं सांगू? आरगॉन तपासूनच पाहतो. हवा राहिली असेल आत."

मागून बहीण विचारत होती, काय म्हणतो, काय म्हणतो. मी तिला सांगितलं, काम सुरू झालं आहे.